मातीतली अमानत

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात बिबवेवाडी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते इतिहासाचे शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा ‘परीक्षेची तयारी’ हा नेहमीचा विषय घ्यावा असे आधी मनात आले. पण त्या विषयावर आपण सर्वांनी इतके ऐकले आहे, की मी सुरुवात केली तर शेवट आपणच पूर्ण कराल. म्हणून आज एक वेगळा विषय घेतो. विषय आहे मातीत सापडणाऱ्या जुन्या नाण्यांचा. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती कबूल करण्यासाठीच मी हा विषय निवडला, असे म्हणा. जे या मेळाव्याला येऊ शकले नाहीत, त्यांनी स्मरणिकेत हे वाचताना आपण समोरच्या सतरंजीवर बसलो आहोत असे समजावे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीचा वर्ग होता आणि मी सातवाहनांचा धडा शिकवत होतो. सातवाहन राजांची नाणी सापडली आहेत, त्यांवरून आपल्याला इतिहास कळतो, हे वाक्य मी फळ्यावर लिहीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि मूठ उघडून म्हणाला, “सर, हे बघा ना. अब्बांना मिळालं.” त्याच्या तळहातावर एक काळपट, जाडसर, ओबडधोबड गोल तुकडा होता. मी लांबूनच पाहिले आणि म्हणालो, “तास चालू आहे. खिशात ठेव आणि वहीत लिही.” त्याने ते खिशात ठेवले आणि वहीत लिहिले, ‘नाण्यांवरून आपल्याला इतिहास कळतो.’

दुसऱ्या दिवशी मला आठवण झाली. मी त्याला विचारले, “कालचं ते काय होतं रे?” तो म्हणाला, “सर, ते विकलं.” मग हळूहळू सगळी हकीगत कळली. त्याचे वडील जुने वाडे उतरवण्याच्या कामावर मजुरी करतात. पेठेतला एक वाडा पाडताना भिंतीच्या पायात एक तांब्या निघाला. त्यात चांदीची नाणी होती. सहा मजुरांनी ती तिथल्या तिथे वाटून घेतली. कुणी वेगवेगळ्या दुकानांत नेऊन वजनावर विकली. ज्याच्या वाट्याला जे आले, ते दोन दिवसांत मुशीत गेले आणि वितळून चांदीची लगड झाली. मुलाने एवढेच सांगितले, की त्याच्या नानीने चष्मा लावून एका नाण्यावरचा एक शब्द वाचला होता. तो शब्द होता ‘शाह’.

आता विचार करा. इतिहासाचा पदवीधर शिक्षक वर्गात उभा होता. नाण्यावर धडा चालला होता. नाणे वर्गात आले होते. आणि ते नाणे वाचण्याचा प्रयत्न जर कुणी केला असेल, तर तो शाळेत कधी न गेलेल्या, केवळ अरबी हरफ ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने. मी मात्र त्याला ते खिशात ठेवायला सांगितले.

ते नाणे कोणते होते, हे आता कधीच कळणार नाही. पण पुण्यात असे नाणे काय काय असू शकते, हे आपल्याला माहीत असायला हवे. पेशवाईतले पुण्याचे प्रसिद्ध नाणे म्हणजे अंकुशी रुपया. हत्तीला आवरण्याचा जो अंकुश असतो, त्याची खूण त्यावर असे. हा रुपया मराठ्यांच्या टांकसाळीतला. पण त्यावरचा मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, शाह आलमचे. एवढेच नाही, तर टांकसाळीचे नाव ‘मुहियाबाद पुणे’ असे आढळते. मुहियाबाद हे औरंगजेबाच्या काळात पुण्याला दिलेले नाव. म्हणजे राज्य पेशव्यांचे, नाव बादशहाचे, लिपी फारसी, खूण अंकुशाची आणि गाव आपले. पुस्तकात आपण ज्यांना एकमेकांसमोर उभे करतो, ते सगळे एका रुपयावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. असे नाणे मुलाच्या हातात द्यावे आणि नुसते वाचायला सांगावे. इतिहासावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

माझी चूक इथवर सांगितली. आता दोन ठेव्यांची गोष्ट सांगतो. एक आपल्या नाशिकजवळची आणि दुसरी इंग्लंडातली. दोन्ही ठेवे चांदीच्या नाण्यांचे, आणि दोन्हींतल्या नाण्यांची संख्या जवळजवळ सारखी. ते वितळले नाहीत म्हणून आज आपल्याला काय कळले, ते पाहा. म्हणजे त्या तांब्याबरोबर आपण काय गमावले असेल, याचा थोडा अंदाज येईल.

पहिली गोष्ट जोगलटेंभीची. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. नाणी सुमारे १३,२५०. एकेक नाणे लहानसे, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे. म्हणजे सगळी मिळून चांदी पंचवीस किलोंच्या आसपास. सराफाच्या तराजूत घातली असती, तर एवढाच हिशोब झाला असता. पण ही नाणी अभ्यासकांच्या हाती लागली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या विद्वानांनी ती तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर सविस्तर लेख लिहिला.

ही नाणी होती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. हा शक राजा क्षहरात घराण्यातला. नाशिक, जुन्नर, कार्ले या भागावर त्याचा अंमल होता. नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आहे आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र यांची चित्रे असून ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव आहे. नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या!

विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबा. ब्राह्मी ही आपल्या देवनागरीची पणजी. ती डावीकडून उजवीकडे लिहितात. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे लिहितात, तुम्ही उर्दू लिहिता तशी. खरोष्ठीचे मूळ अरामी लिपीत आहे असे विद्वान मानतात, आणि अरबी लिपीचे मूळही त्याच अरामी कुळात जाते. सकाळी मराठीची वही डावीकडून आणि दुपारी उर्दूची वही उजवीकडून लिहिणारी आमची मुले कधी कधी वैतागतात. त्यांना मी सांगतो, की बाबांनो, नाशिकच्या बाजारात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एकाच नाण्यावर दोन्ही दिशा चालत होत्या.

आता या ठेव्यातली खरी गंमत ऐका. या १३,२५० नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर दुसरा छाप मारलेला होता. कुणाचा? गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने नहपानाचा पराभव केला आणि शत्रूची नाणी न वितळवता त्यांवरच आपला ठसा उमटवला. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ती खूण. पुष्कळ नाण्यांवर नव्या छापाच्या खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. कुठे नाक दिसते, कुठे दोन अक्षरे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती त्यात अभिमानाने सांगते. आईने लिहिलेले मुलाचे कौतुक! त्यावर कुणी शंका घेतली असती, तर ती अगदीच अस्थानी म्हणता आली नसती. पण जोगलटेंभीच्या ९,२७० नाण्यांनी साक्ष दिली, की आई खरे बोलत होती. शिलालेख आणि नाणी एकमेकांना दुजोरा देतात, तेव्हा इतिहास पक्का होतो.

आणि लक्षात घ्या, साक्ष केवळ छापलेल्या नाण्यांची नाही. उरलेल्या ३,९८० नाण्यांवर नवा छाप नव्हता. तीही त्याच ठेव्यात होती. म्हणजे जुने आणि नवे, दोन्ही चलन एकाच वेळी लोकांच्या हाती होते. राज्य बदलले म्हणून लोकांच्या गाठीची चांदी एका रात्रीत बाद झाली नाही. हे कशामुळे कळले? सगळी नाणी एकत्र मोजली गेली म्हणून. त्यांतली चांगली शंभर निवडून बाकीची विकली असती, तर हा हिशोब आपल्याला कधीच मांडता आला नसता. नाण्यांवरचे चेहरेही सारखे नाहीत. कुठे तरुण आहे, कुठे वयस्क. हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हाच हा फरक डोळ्यांत भरला.

या चांदीचा रोमशी काही संबंध आहे का, असा प्रश्न हुशार मुले विचारतील. आहे. त्याच सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या प्रवासाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तो लिहितो, की भडोच बंदरात रोमची सोन्याची आणि चांदीची नाणी येतात आणि स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल केल्यास नफा होतो. याच बंदरावर पैठण आणि तेर इथला माल बैलगाड्यांतून जात असे. रोमचा लेखक प्लिनी तर तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. इकडून काय जात होते? कापड, मौल्यवान दगड, आणि दक्षिणेकडून मिरी.

नहपानाच्या राज्यात चांदी केवळ तिजोरीत पडून नव्हती. त्याचा जावई उषवदात याचा लेख पांडवलेण्यांतच आहे. भिक्षूंच्या गरजा भागाव्यात म्हणून त्याने ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजातून खर्च करायचा. त्याच लेखात पस्तीस कार्षापणे म्हणजे एक सुवर्ण, असा हिशोबही दिला आहे. मुद्दल राखून खर्च चालवण्याची ही रीत आपल्या संस्थेच्या हिशोबनिसांना ओळखीची वाटेल. व्याजाबद्दल आपल्यात वेगळे मत आहे, ते सोडून देऊ. पण मुद्दल अमानत समजून राखायचे, हा विचार सगळीकडे एकच आहे.

आता दुसरी गोष्ट. ही इंग्लंडातली आहे आणि तिची सुरुवात एका हरवलेल्या हातोड्याने होते.

१९९२ सालच्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सन नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याच्या ओळखीचा एक निवृत्त माळी होता. त्याच्याकडे धातुशोधक यंत्र होते. रेल्वे स्टेशनवर आणि विमानतळावर पोलिसांच्या हातात आपण जे यंत्र पाहतो, त्याच जातीचे. त्याच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज फिरली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असेल तर त्यात सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि ते यंत्राला कळले की कानाला आवाज येतो. यंत्राला एवढेच समजते, की इथे धातू आहे. तो खिळा आहे की खजिना, हे ते सांगत नाही. आणि पुढे कसे वागायचे, हे तर माणसालाच ठरवावे लागते.

त्या माळ्याच्या यंत्राने आवाज केला. त्याने उकरले. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि मूठमूठ नाणी निघू लागली. आणि मग त्याने असे काही केले, की ज्यासाठी मी त्याला शिक्षक मानतो. त्याने खोदणे थांबवले. पोलिसांना आणि जमिनीची मालकी असलेल्या परगण्याच्या कौन्सिलला कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसे आली आणि त्यांनी उरलेला ठेवा जसा होता तसा, एकेक वस्तूची जागा टिपत, बाहेर काढला.

मोजणी झाली. नाणी १४,८६५. त्यांत सोन्याची ५६९, चांदीची १४,२७२ आणि ब्राँझची २४. शिवाय दागिने आणि चांदीची भांडी मिळून सुमारे दोनशे वस्तू. ही सगळी रोमन काळाच्या अखेरीची. सर्वांत उशिराची नाणी इ. स. ४०७-४०८ ची, म्हणजे ब्रिटनमधली रोमची सत्ता कोलमडत होती तेव्हाची. कुणा श्रीमंत घराने आपले सर्वस्व पुरून ठेवले आणि ते परत घ्यायला कुणी आलेच नाही.

तो माणूस थांबला म्हणून काय मिळाले, ते पाहा. ठेवा लाकडी पेटीत भरलेला होता, आत लहान पेट्या होत्या, त्यांना बिजागऱ्या आणि चिमुकली कुलपे होती, हे कळले. लाकूड केव्हाच कुजले होते. पण बिजागऱ्या आणि कुलपे जागच्या जागी होती, म्हणून पेटीचा आकार मांडता आला. फावड्याने सगळे भराभर उपसले असते, तर या बिजागऱ्या मातीत फेकल्या गेल्या असत्या. चांदीची पुष्कळ नाणी कडेने कातरलेली होती. रोमकडून नवी नाणी येणे बंद झाल्यावर लोक जुन्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत होते. गौतमीपुत्राने नाण्यावर छाप मारला, ब्रिटनमध्ये लोकांनी नाण्याची कड कातरली. एकीकडे नवे राज्य आल्याची खूण, दुसरीकडे राज्य गेल्याची.

आणि त्या ठेव्यात चार लहानशी चांदीची भांडी होती, मिरपूड ठेवण्याची. त्यांतले एक एका प्रतिष्ठित स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे आहे. त्या काळी मिरी येत होती ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. इंग्लंडच्या चिखलात पुरलेल्या त्या भांड्यात कधीकाळी आपल्याकडची मिरी होती, असे म्हणायला हरकत नाही. 

इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे त्या माणसाला साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले. त्याने त्यातला वाटा शेतकऱ्यालाही दिला. ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो हरवलेला हातोडाही नंतर सापडला आणि त्यालाही त्याच संग्रहालयात जागा मिळाली. प्रामाणिकपणाचे एवढे साधे स्मारक मी दुसरे ऐकलेले नाही.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडे परत येतो. काही दिवसांनी मी त्यांना भेटलो. रागावण्यासाठी नव्हे, रागवायचेच असेल तर मला स्वतःवर रागवायला हवे होते. मी विचारले, “भाई, कुठे कळवलं का नाही?” ते म्हणाले, “सर, कळवायचं कुणाला? पोलीस विचारणार, बाकीचं कुठं ठेवलं? आम्ही मजूर माणसं. आमच्यावर कोण विश्वास ठेवणार?”

पालकांनो, हा प्रश्न खोटा नाही. वर्गात बसून नीतिपाठ देणे सोपे आहे. रोज कामावर गेले तरच चूल पेटते, अशा माणसाला कचेरीत चार खेटे घालणे परवडत नाही, आणि आपल्यातल्या गरिबाला भीती जरा जास्तच वाटते. म्हणून मी पुढे जे सांगतो ते उपदेश म्हणून नव्हे, माहिती म्हणून ऐका. कारण भीती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळेच वाढते.

आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे. निखात म्हणजे पुरलेला. हा कायदा सापडवणाऱ्याला चोर समजत नाही. त्याने फक्त दडवू नये, एवढीच अपेक्षा करतो. मूळ कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे असे म्हटले आहे. काय सापडले, अंदाजे किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहायचे. निधी सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तो हजर करण्याची हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देऊन हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. चौकशीनंतर निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी दुसरा काही करार नसेल, तर तीन भाग सापडवणाऱ्याचे आणि एक भाग जागेच्या मालकाचा, असा हिशोब कायद्यातच दिला आहे. सरकारला तो निधी घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजून घेता येतो. उलट दडवले, तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे पाहा, त्या सहा मजुरांनी घाईने वजनावर विकून जे मिळवले, ते भीतीच्या भावाने मिळवले. रुजू वाटेने गेले असते, तर कदाचित अधिक मिळाले असते, आणि रात्रीची झोपही.

पाचव्या हिश्शाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्या घरांत हदीसचे वाचन होते. जमिनीत पुरलेल्या प्राचीन धनाला ‘रिकाज’ म्हणतात आणि त्यातला पाचवा हिस्सा द्यावा, असे तिथे सांगितले आहे. वाटेत सापडलेल्या वस्तूला ‘लुक्ता’ म्हणतात, आणि तिचा मालक शोधण्यासाठी ती वर्षभर जाहीर करावी, असा दंडक आहे. तपशील आलिमांनी सांगावेत, तो माझा अधिकार नाही. मी इतकेच म्हणतो, की सापडलेली वस्तू लगेच माझी होत नाही, आधी ती जाहीर करायची असते, हा धडा आपल्याला नवा नाही.

दोन इशारेही देतो. पहिला असा, की हल्ली धातुशोधक यंत्रे बाजारात मिळतात आणि तरुणांना त्यांचे आकर्षण वाटते. पण किल्ले, लेणी आणि इतर संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ते परदेशात पाठवता येत नाही. यंत्र घेऊन ठेवे शोधत फिरू नका. मी सांगतो आहे ते काम करताना, पाया खोदताना, विहीर उपसताना आपोआप हाती आलेल्या वस्तूबद्दल.

दुसरा इशारा गुप्तधनाबद्दल. अमुक ठिकाणी हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे, पायाळू माणसाला तो दिसतो, अमुक विधी केला की वर येतो, असे सांगणारे भोंदू सर्व धर्मांत आहेत. त्यांच्या नादी लागून लोकांनी घरे बुडवली आहेत आणि याहून भयंकर गोष्टीही घडल्या आहेत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशी अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. ठेवे सापडतात ते कुदळीला. मंत्राने नव्हे.

आता विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी. वहीत लिहून घ्या, परीक्षेत येणार नाहीत म्हणून सोडू नका.

पहिली, जुने नाणे सापडले तर ते घासू नका. चिंच, राख, टूथपावडर, काही लावू नका. वरचा काळा थर गेला की अक्षरेही जातात. दुसरी, एक नाणे उचलून पळू नका. ते कुठे होते, किती खोल, कशात होते, आजूबाजूला काय होते, हे लिहा आणि फोटो काढा. मडक्याची खापरीही टाकू नका. हॉक्सनच्या बिजागऱ्या आठवा. तिसरी, मोठ्या माणसांना सांगा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवायला मदत करा. अर्ज लिहिता येणे हे तुमच्या शिक्षणाचे पहिले फळ आहे. ज्या आईवडिलांनी तुम्हाला शिकवले, त्यांचा अर्ज तुम्ही लिहा आणि एक प्रत शिक्का मारून जपून ठेवा. चौथी, वाचायला शिका. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर केवळ नाणेशास्त्राच्या अभ्यासासाठी संस्था उभी राहिली. या ठिकाणी आपल्या वस्तीतली मुले फारशी दिसत नाहीत. ती दिसायला हवीत.

आणि ही चौथी गोष्ट मी तुम्हालाच का सांगतो, तेही ऐका. महाराष्ट्रात जुन्या घरांत, शेतांत जी नाणी निघतात, त्यांतली कितीतरी फारसी मजकुराची असतात. ती वाचायला फारसी शिकावी लागते, हे खरे; पण तिची अक्षरे तुम्ही लहानपणीच मदरशात किंवा घरी शिकलेला असता. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मोडी शिकण्याची गोडी असेल. तुम्ही दोघे एकत्र बसलात, तर पुण्याच्या इतिहासाचा निम्मा दप्तरखाना तुमच्यासाठी उघडेल. नानीने चष्मा लावून एक शब्द वाचला. नातवाने पुढचे वाचावे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागच्या वर्षी रस्त्यात भेटला. डिप्लोमा करतो म्हणाला. मी त्याला विचारले, “ते नाणं आठवतं का?” तो हसून म्हणाला, “आठवतं सर. अंगठ्याएवढं होतं, आणि खाली एक वाकडी खूण होती, हुकासारखी.”

हुकासारखी! कदाचित तो अंकुश असेल. कदाचित नसेल. मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. त्या दिवशी खडू खाली ठेवून मागच्या बाकापर्यंत दहा पावले चालत गेलो असतो, तर आज मला तुमच्यापुढे ‘कदाचित’ म्हणावे लागले नसते.

त्या दिवसापासून मी वर्गात एक नियम केला आहे. कुठल्याही मुलाने मूठ उघडून “सर, हे बघा” म्हटले, की धडा थांबतो. आतापर्यंत गोगलगाय आली, तुटका स्पीकर आला, एकदा दुधाचा पडलेला दात आला. नाणे पुन्हा आलेले नाही. पण येईल. आणि पालकहो, आपल्या घरीही मूल मूठ उघडून उभे राहील, तेव्हा हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.